एसडब्ल्यूआर सुधारला तेव्हा: किनाऱ्यावरच्या एका हॅम टॉवरचं प्रकरण

२०२३ च्या जुलैत माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवरचा एसडब्ल्यूआर १.३ वरून १.१ वर आला आणि मला आनंद झाला. अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचा हा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला. सात वर्षं अँटेनाच्या कांड्या मागेपुढे सरकवून जो आकडा मिळाला नव्हता, तो भर पावसात आपसूक मिळाला. त्याच आठवड्यात घाटमाथ्यावरचा रिपीटर, म्हणजे आमचे संदेश पकडून दूरवर पुन्हा पाठवणारा संच, हातचा जायला लागला. एरवी अगदी कमी पॉवरवर उघडणारा रिपीटर आता पूर्ण ५० वॅट देऊनही कसाबसा उघडे, आणि समोरचा म्हणे, “आवाज तुटतोय, पुन्हा सांगा.”

मी पावसाला दोष दिला, मग रिपीटरला, मग समोरच्याच्या रेडिओला. एक आकडा सुधारला आणि दुसरीकडे काम बिघडलं, या दोन गोष्टी एकत्र मांडून बघायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले. त्यानंतर मी एकदा टॉवरवर चढायची तयारीही केली होती. चढलो नाही, कारण त्या सकाळी वारा होता. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्या सकाळीमुळे.

टॉवर कसा उभा होता

आमचं घर रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला, समुद्रापासून सातेकशे मीटरवर. टॉवर २०१६ च्या मार्चमध्ये उभा केला: तिकोनी जाळीचा, दहा फुटांचे चार तुकडे, एकूण १२ मीटर. टोकाला २ मीटर बँडची सात कांड्यांची यागी, म्हणजे एका दिशेला रोख धरणारी अँटेना (बँडची नावं रेडिओ लहरींच्या लांबीवरून पडतात). ११ मीटर उंचीवर ४० मीटर बँडचा उलटा व्ही, म्हणजे त्या आकाराची तारेची अँटेना, दोन्ही हात मिळून २० मीटर तार. खाली खोलीपर्यंत आरजी-२१३ केबल, ३० मीटर. विजेची तार टॉवरच्या उंचीच्या दीडपटीहून लांब आहे, एवढं तरी जागा निवडताना नीट बघितलं होतं.

टॉवरला बांधलेल्या तारांना हॅम मंडळी गाय वायर म्हणतात. आमच्याकडे वीज मंडळाची माणसं ताण म्हणतात, मीही तेच म्हणतो. तीन दिशांना १२० अंशांवर, ६ मीटरवर एक थर आणि ११ मीटरवर दुसरा, असे सहा ताण. तार सात पदरी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), प्रत्येक पदर २.५ मिलिमीटरचा. मध्ये चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर, कारण सलग लांब तार स्वतःच अँटेनासारखी वागायला लागते. या इन्सुलेटरमधून दोन तारा एकमेकींत अडकवून ओवतात, म्हणजे इन्सुलेटर फुटला तरी तारा सुटत नाहीत. एका दिशेचे दोन्ही ताण खाली एकाच खुंट्याला येतात. खुंटा म्हणजे काँक्रीटमध्ये गाडलेली १६ मिलिमीटरची जस्ताचा मुलामा दिलेली सळई आणि वर टर्नबकल, म्हणजे तार घट्ट-सैल करायचा फिरकीचा स्क्रू.

खुंटे टॉवरपासून त्याच्या उंचीच्या साधारण ८० टक्के अंतरावर असावेत असा संकेत आहे. विहिरीचा खुंटा आणि आंब्याचा खुंटा ९ मीटरवर बसले. तिसरा नैर्ऋत्येला यायला हवा होता आणि तिकडे साडेपाच मीटरवर गडगा. तिथेच, गडग्याच्या अलीकडे, केळींच्या बुंध्यात मी तो गाडला. त्याला आम्ही न्हाणीचा खुंटा म्हणतो, कारण न्हाणीचं पाणी चर काढून त्या केळींना आणि अळवाला सोडलेलं आहे. बारा महिने तिथली माती ओली.

जवळ गाडल्याने काय होतं ते हिशेबाने सांगतो. वाऱ्याची आडवी ढकल ११ मीटरवर १०० किलो धरली, तर ९ मीटरवरच्या खुंट्याच्या तारेत १५८ किलोंची ओढ येते. साडेपाच मीटरवरच्या तारेत तीच २२४ किलो होते. खुंट्याला वर उपटणारं बळ १२२ ऐवजी २०० किलो, आणि तेवढाच जास्त दाब टॉवरच्या पायांवर. पावसाळ्यातला आमचा वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे सगळ्यांत जास्त झेलणारा खुंटा मी सगळ्यांत जवळ आणि सगळ्यांत ओल्या जागी घातला होता.

(शेजारच्या माडाला ताण बांधून टाक, असं तेव्हा निदान चौघांनी सुचवलं होतं. ते ऐकलं नाही हे बरं केलं. माड वाऱ्यात झुलतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला टॉवरला हिसका देतो.)

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. टॉवर उभा राहिला. बॅटरीवर रेडिओ चालवून गावातल्या लोकांचे निरोप मुंबई-पुण्याला पोचवता आले, आणि त्या दिवसांत या छंदाचं मोल घरातल्यांनाही कळलं. पण माझ्या मनात एक चुकीचा हिशेबही पक्का झाला: वादळात टिकला, म्हणजे आता याला काही होत नाही. टॉवर त्या दिवशी मजबूत होता एवढंच वादळाने सांगितलं होतं. पुढच्या तीन पावसाळ्यांत जमिनीखाली काय होणार, ते वादळाला कुठून ठाऊक असणार?

डोंगर-दरीच्या जागी पठार

केबलवर संशय आल्यावर मी नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र, लावला. वर न चढता, खोलीत बसून केबल तपासायची एक सोपी युक्ती आहे. अँटेना तिच्या बँडवरच पॉवर घेते. बँडच्या बाहेर ती जवळजवळ सगळी पॉवर परत फिरवते. म्हणून १२० ते १७० मेगाहर्ट्झचा आलेख काढला की १४५ च्या आसपास, म्हणजे यागीच्या बँडवर, खोल दरी आणि दोन्ही बाजूंना उंच कडे दिसायला हवेत. माझ्या आलेखात दरीच दिसेना. सगळं पठार, बँडबाहेरही एसडब्ल्यूआर १.४ च्या आत.

अर्थ सरळ होता. परत फिरलेली पॉवर मीटरपर्यंत पोचतच नव्हती, केबल ती वाटेतच खात होती. बँडबाहेर एसडब्ल्यूआर १.३८ म्हणजे रिटर्न लॉस, परत येणाऱ्या पॉवरची घट, १६ डीबी (डेसिबल). तो जाण्या-येण्याचा मिळून, म्हणजे एका वाटेला ८ डीबी. चांगल्या अवस्थेतली ३० मीटर आरजी-२१३ या बँडवर अडीच डीबीच्या थोडी वर खाते. पूर्वी ५० वॅटमधले २७ अँटेनापर्यंत जात, आता ८ जात होते. आणि अँटेनाकडून परत येणारी पॉवरही तशीच वाटेत जिरत असल्यामुळे मीटर १.१ दाखवत होता.

नवख्या हॅमला मी आता पहिल्यांदा हेच सांगतो: काही न करता एसडब्ल्यूआर सुधारला तर आनंद मानू नकोस, केबल बघ. मीटर खोटं बोलत नाही. तो जिथे लावलाय तिथलं सांगतो, आणि तो खोलीत असतो.

केबल बदलायची, तर वर चढणं आलं. हार्नेस काढून ठेवला. ताणांची ओढ तपासली. त्यासाठी तारेला हाताने झोका देतो, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपतो आणि दहा आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजतो. वरच्या लांब तारांना हा वेळ साधारण ३.१ सेकंद येतो. तो ५ सेकंदांवर गेला तर ओढ चाळीस टक्क्यांवर उतरली असं समजायचं, कारण ओढ वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तिन्ही बाजूंचे आकडे मार्चमध्ये वहीत लिहिलेल्या आकड्यांशी जुळले. टर्नबकल घट्ट, ते आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांना आठच्या आकड्यात घातलेली तार जागच्या जागी.

त्या सकाळी वारा होता म्हणून दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका गडग्यापाशी आले. ते वीज मंडळात लाइनमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

“चढतोयस काय?”

“हो काका, केबल बदलायचीय. ओढ मोजली, सगळं बरोबर आहे.”

“तुटेपर्यंत ओढ बरोबरच असते रे. तळ बघितलास?”

मी काँक्रीट मजबूत असल्याचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि गड्याला कुदळ आणायला सांगितली. खांबावर चढण्याआधी तळाशी वीतभर उकरून बघायची सवय त्यांच्या हाताला होती.

न्हाणीच्या खुंट्याभोवती माती काढली. वरची बोटभर सळई करडी, जस्त शाबूत. वीतभर खाली रंग बदलला, मग पापुद्रे सुटायला लागले. काँक्रीटच्या माथ्याच्या किंचित वर सळई पेन्सिलीएवढी झाली होती. पापुद्रे खरवडून व्हर्नियर लावला: ७ मिलिमीटर. १६ ची ७ म्हणजे क्षेत्रफळ पाचव्या हिश्शाहूनही कमी. या गळ्यावर सहापैकी दोन ताण, आणि त्यांच्यावर मी चढणार होतो.

तो खुंटा तुटला असता तर टॉवर ईशान्येला, आमच्या पडवीवर आला असता. त्या रात्री पडवीत कोणाला झोपू दिलं नाही.

सळई कोणी खाल्ली

समुद्राची हवा, असं पहिलं उत्तर कोणीही देईल. मीही तेच दिलं. पण खाऱ्या हवेने खाल्लं असतं तर वरचा उघडा भाग आधी जायला हवा होता, आणि तो तर ठीक होता. उकरताना कुदळीला एक तांब्याची तार लागली तेव्हा मला कळलं. ती मीच २०१७ मध्ये घातली होती.

वळवाच्या विजांना घाबरून मी तिन्ही खुंट्यांना अर्थिंग केलं होतं. हेतू योग्यच होता. पण तांब्याचा मुलामा दिलेली सळई जमिनीत ठोकली आणि तांब्याच्या तारेने ती सरळ जीआय सळईला जोडली. ओल्या मातीत जस्त आणि तांबं जोडली की त्यांच्यात एका व्होल्टच्या आसपास फरक असलेला विजेचा घट तयार होतो. या घटात तांबं सुरक्षित राहतं आणि जस्त झिजतं. जस्त संपलं की लोखंडाची पाळी. माती जितकी ओली आणि खारट, तितका प्रवाह जास्त. न्हाणीचं साबणाचं पाणी रोज मिळणाऱ्या जागी मी हा घट सहा वर्षं चालू ठेवला होता.

त्यात काँक्रीटची भर. काँक्रीटच्या आतलं लोखंड गंजत नाही, आणि त्याच कारणाने ते बाहेर मातीत असलेल्या त्याच सळईच्या भागाशी थोडंफार तांब्यासारखंच वागतं. म्हणून झीज काँक्रीटच्या आतही नव्हती आणि हवेतही नव्हती. मधल्या वीतभर मातीत एकवटली होती. मी काँक्रीटचा माथा जमिनीच्या खाली ठेवून वर माती लोटली होती, दिसायला नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या नीटनेटकेपणाने ती जागा झाकली गेली.

बाकीचे दोन खुंटेही उकरले. आंब्याचा कोरड्या जांभ्यात होता, तिथे जस्त मळकं झालं होतं, सळई पूर्ण १६ ची. विहिरीचा १४.५ वर आला होता. तांब्याच्या तारा त्याच दिवशी सोडवल्या.

आधी धरणं, मग बदलणं

कोणीही टॉवरला हात लावायचा नाही, हे पहिलं ठरलं. दुसरं, जुना खुंटा सोडण्याआधी नवा आधार. जीपला तार बांधू, असं एकाने सुचवलं. काकांनी मान हलवली: गाडी कोणीतरी चालू करतंच.

गडग्यापलीकडे त्यांच्या वाडीतली जमीन कठीण आहे. तिथे अँगलच्या सव्वा मीटरच्या मेखा टॉवरपासून उलट कलत्या ठोकल्या, एका रांगेत तीन. पुढच्या मेखेचं डोकं मधल्या मेखेच्या पायाला आणि मधल्या मेखेचं डोकं शेवटच्या पायाला दोराने करकचून बांधलं. अशा दोन रांगा. एकटी मेख उपटून येते, पण अशी बांधली की तिघी मिळून ओढ घेतात. प्रत्येक थराला एक तात्पुरती तार, चेन पुलीने हळूहळू ओढ इकडे घेतली, आणि मग जुने टर्नबकल सैल केले. मोकळ्या झालेल्या सळईवर हातोडी मारली. दुसऱ्या टोल्याला ती गळ्यात तुटली.

नव्या खुंट्याची जागाही काकांनीच दिली. “माझ्या बाजूला घाल, आठ मीटर भरतील.” तिथे ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ९० खोल खड्डा. एवढं काँक्रीट साधारण पावणेआठशे किलोंचं होतं, शिवाय भोवतालच्या कठीण मातीची पकड. सळई २० मिलिमीटरची, गरम जस्तात बुडवून काढलेली. काँक्रीट जमिनीच्या वर वीतभर आणलं आणि माथा उतरता केला, म्हणजे सळई आता मातीला शिवतच नाही. जिथे ती काँक्रीटमध्ये शिरते तिथे डांबर. अर्थिंग आता जीआय पट्टी आणि जीआय पाइपचं, तांबं कुठेही मातीत नाही. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा काँक्रीट ओतलं, त्यानंतर २८ दिवस ओढ मेखांवरच ठेवली आणि रोज सकाळी मेखा हलल्यात का ते खुणेच्या खिळ्यावरून बघितलं.

केबलचं शवविच्छेदन

गणपती झाल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वारा नसलेल्या सकाळी चढलो. पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन आकडे, एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. रेडिओची वीज बंद, किल्ली माझ्या खिशात. खाली हेल्मेट घातलेले दोघं, आणि टॉवरच्या बुंध्याशी कोणी उभं राहायचं नाही अशी ताकीद.

वरचा पीएल-२५९ कनेक्टर मी २०१६ मध्ये साध्या काळ्या पीव्हीसी टेपने गुंडाळला होता. उन्हाने टेप तडकली होती. हा कनेक्टर मुळात पाणबंद नाहीच, टेप गेली की पाणी सरळ केबलच्या आतल्या तांब्याच्या जाळीत शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जाळीतून सरकत जातं. जुनी केबल खाली आणून टोकापासून मीटर-मीटरने कापत गेलो. पहिल्या तुकड्यात तांब्याची जाळी काळी, तिच्यावर हिरवा थर. पितळेच्या भांड्यात ताक कळकल्यावर येतो तसा वासही. पाचव्या मीटरला काळी, आठव्यालाही काळी. बाराव्या मीटरला पहिल्यांदा तांबूस झळाळी दिसली. मध्ये एका ठिकाणी, जिथे प्लास्टिकची पट्टी टॉवरच्या पायाला करकचून आवळली होती, तिथे आवरणाला बारीक चीर होती. पाणी तिथूनही आत गेलं असावं. उरलेली अठरा मीटर वापरावी असा मोह झाला, पण आत ओल किती गेलीय ते बाहेरून कळत नाही. सगळीच बदलली.

नवा जोड असा केला. आधी पीव्हीसी टेपचा एक पातळ थर, म्हणजे पुढे कधी उघडताना कनेक्टर चिकट होत नाही. त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, ताणून दुप्पट लांब करत. शेवटचा फेरा खालून वर नेत. कौलं चढवताना वळचणीपासून वर जातात, का, तर वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी बाहेर ओघळतं. टेपचंही तसंच. वरून खाली गुंडाळलेली टेप प्रत्येक पदरात पाणी धरते. सगळ्यावर पुन्हा पीव्हीसी, ऊन खायला. केबल टॉवरला बांधताना सैलसर, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी पागोळीसारखं झोळाच्या तळाशी गळतं, भिंतीतून आत येत नाही.

खोलीत येऊन नॅनोव्हीएनए लावला. १४५ ला दरी, दोन्ही बाजूंना कडे. एसडब्ल्यूआर पुन्हा १.३. रिपीटर पहिल्याच हाकेला उघडला.

वहीत आता एक नवं पान आहे. दरवर्षी पाऊस सरला की तिन्ही खुंट्यांची माती उकरायची, व्हर्नियर लावायचा, आकडा आणि तारीख लिहायची. केबलचा बँडबाहेरचा रिटर्न लॉसही त्याच पानावर. इमारतींवरच्या वाऱ्यासाठीचं आपलं मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटरचा वेग धरतं. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो. नव्या खुंट्याचा आणि सळईचा हिशेब मी या आकड्यावर केला. विहिरीच्या खुंट्याचा तसा कधी केलाच नव्हता. त्याच्या १६ पैकी साडेचौदाच उरल्यात, आणि त्याच्याही काँक्रीटचा माथा मातीखालीच आहे. सध्या त्याच्याभोवतीची माती वीतभर बाजूला काढून गळा उघडा ठेवलाय. मेखा काकांच्या पडवीत ठेवल्यात. यंदा दिवाळीनंतर तोही बदलायचा.